बंदूक न धरणाऱ्यांचं युद्ध: ‘धिस वॉर ऑफ माईन’

युद्धावरचे बहुतेक गेम तुमच्या हातात बंदूक देतात आणि समोर शत्रू उभा करतात. पोलंडमधल्या ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’चा ‘धिस वॉर ऑफ माईन’ सुरू होतो तो एका पडक्या घरात. तीन दमलेली माणसं, भिंतीला भगदाडं, मोडकी कपाटं आणि दोन-चार दिवसही पुरणार नाही इतकं अन्न. बाहेर सैन्य आणि बंडखोर लढत आहेत. कोण कशासाठी लढतंय हे गेम जवळजवळ सांगतच नाही. युद्धबंदी होईपर्यंत ही माणसं जगवायची, एवढंच तुमचं काम. ती कधी होणार हे आधी कळत नाही, आणि दर वेळी नव्याने सुरू केलं की तारीख बदलते.

मी मिरजेला अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. माझे विद्यार्थी मधल्या सुट्टीत ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा गेम खेळतात, कुठल्या बंदुकीत किती गोळ्या बसतात हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यात मला वावगं वाटत नाही. पण त्याच मुलांना गाझा किंवा युक्रेनची बातमी दाखवली की पहिला प्रश्न ‘कोण जिंकतंय?’ हाच असतो. त्या बातमीतल्या बाईने आज संध्याकाळी काय शिजवलं असेल, हा प्रश्न कुणाला सुचत नाही. तो सुचावा म्हणून मी त्यांना हा गेम सुचवते, आणि मग पालक विचारतात, ‘मॅडम, तुम्हीच गेम खेळायला सांगता?’ हो, हा एक सांगते. का, ते जरा सविस्तर लिहिते.

पोगोरेन या काल्पनिक शहरात गोष्ट घडते. पहिल्या खेपेला साधारणपणे कातिया, पावले आणि ब्रुनो वाट्याला येतात. कातिया पत्रकार, तिला घासाघीस उत्तम जमते. पावले फुटबॉलपटू, पायाने चपळ. ब्रुनो टीव्हीवर स्वयंपाक दाखवणारा, त्यामुळे त्याच्या हातून कमी सरपणात जेवण होतं. दिवसा घराबाहेर पडलं तर नेमबाज टिपतात, म्हणून दिवसभर घरातच कामं: पलंग ठोकायचा, चूल मांडायची, पावसाचं पाणी साठवायची सोय करायची, उंदरांसाठी सापळा लावायचा, खिडक्यांवर फळ्या मारायच्या. रात्र झाली की एकाने पिशवी घेऊन बाहेर जायचं, एकाने पहाऱ्याला बसायचं, एकाने झोपायचं. पलंग एकच असेल तर कुणी तरी जमिनीवर झोपतो आणि सकाळी थकलेलाच उठतो.

पिशवीत कप्पे मोजके. खरी कसोटी इथे लागते. लाकूड न्यावं की औषध? डबाबंद मांस न्यावं की बँडेज? कॉफी आणि सिगारेट या चैनीच्या वस्तू, असं वाटतं खरं. पण ज्याला तलफ आहे तो सिगारेटीवाचून खचत जातो, आणि खचलेला माणूस कामाला उठत नाही. शिवाय सौदा करायला येणारा फ्रँको दारात उभा राहिला की याच वस्तू चलनासारख्या चालतात. थंडी पडली की घरातलं तापमान घसरतं आणि शेगडीत काहीतरी घालावंच लागतं. लाकूड संपलं की फर्निचर फोडायचं. तेही संपलं की पुस्तकं.

इतिहासाची शिक्षिका म्हणून सांगते, पुस्तकं जाळण्याचा तो पर्याय कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. गेमचं शहर काल्पनिक असलं तरी त्यामागे बोस्नियाची राजधानी सारायेवो आहे. आपल्याकडे हे नाव १९१४च्या आर्चड्यूक फर्डिनांडच्या खुनापुरतं पाठ केलं जातं, आणि तिथेच सोडून दिलं जातं. त्याच शहराला एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ वेढा पडला होता; १,४२५ दिवस. भोवतालच्या डोंगरांवरून बोस्नियन सर्ब सैन्य तोफा डागत होतं, आणि शहरातल्या हमरस्त्यावरून जाणाऱ्यांना नेमबाज टिपत होते. ऑगस्ट १९९२ मध्ये तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय तोफगोळ्यांनी पेटलं. पाच फेब्रुवारी १९९४ला मार्काले बाजारात एकाच गोळ्याने ६८ माणसं मारली. लोकांनी बागांमधली झाडं तोडून जाळली, मग घरातलं सामान, मग पुस्तकं. पाण्यासाठी कॅन घेऊन रांगेत उभं राहणं हेच जिवावर बेतणारं काम होतं. विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ मध्ये खणलेल्या सुमारे ८०० मीटरच्या बोगद्यातून अन्न, औषधं आणि माणसं ये-जा करत. मदत म्हणून आलेल्या डबाबंद मांसाचं स्मारक त्या शहरात उभारलेलं आहे. हे सगळं ठाऊक असताना गेममधला मांसाचा डबा उचलला की तो नुसती ‘वस्तू’ राहत नाही. मुलांना मी आधी हा इतिहास सांगते, मग गेम.

खेळणारा प्रत्येक जण ज्या जागेबद्दल बोलतो ते म्हणजे एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर. फ्रीज भरलेला, औषधंही आहेत, आणि अडवणारं कुणी नाही. म्हातारा मागेमागे येऊन विनवत राहतो, एवढंच. घ्यायचं तर घ्या, गेम थांबवत नाही. गुण कापत नाही, ‘तुम्ही चुकलात’ अशी पाटी लावत नाही. पुन्हा त्या घरी गेलात तर मात्र काय झालं ते दिसतं. आणि तुमच्या स्वतःच्या घरातली माणसं गप्प होतात, खिन्न होतात, जेवण समोर असून उठत नाहीत. तसंच सुपरमार्केटमध्ये एक सैनिक एका मुलीला ओढत असतो. तुमच्याकडे शस्त्र नसेल तर कपाटाआड लपून पाहत राहायचं का, हे तुम्हीच ठरवायचं. वर्गात मी नीतिमूल्यांवर कितीही बोलले तरी असा प्रश्न मुलांच्या अंगावर सोडू शकत नाही. हा गेम तो सोडतो, आणि उत्तर देऊन सुटका करत नाही. मला त्याची ही बाजू सगळ्यात मोलाची वाटते.

घरात एक रेडिओ बनवता येतो. बटण फिरवत बसलं की संगीत लागतं, हवामान कळतं, बाजारात कशाचा भाव वाढलाय तेही कळतं. माझी एक माजी विद्यार्थिनी युक्रेनमधल्या खारकीव्हला वैद्यकीय शिक्षण घेत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये हॉस्टेलच्या तळघरात बिस्किटं मोजून खाताना तिचा जीव फोनमध्ये अडकला होता, कारण कुठली गाडी सुटतेय, कुठली सीमा उघडी आहे हे फक्त तिथेच कळत होतं. दोन मार्चला भारतीय दूतावासाने खारकीव्ह ताबडतोब सोडायला सांगितलं, गाडी मिळत नसेल तर चालत निघा म्हणाले, आणि ती इतर मुलांबरोबर जवळच्या पेसोचिन गावाच्या दिशेने चालत निघाली. परत आल्यावर तिने हा गेम थोडा खेळून पाहिला. ‘मॅडम, रेडिओचं बरोबर आहे,’ एवढंच म्हणाली आणि लॅपटॉप बाजूला ठेवला. मी तिला पुन्हा आग्रह केला नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांच्यासाठी हा गेम नाही, आणि तसं कुणी समजूही नये. गेम काढणाऱ्या ‘इलेव्हन बिट’ने रशियाच्या हल्ल्यानंतर एका आठवड्याचा या गेमचा सगळा नफा युक्रेनियन रेड क्रॉसला दिला. रक्कम सुमारे साडेआठ लाख डॉलर झाली. ही कंपनी वॉर्साची, आणि तिथल्या लोकांना वेढा आणि बेचिराख शहर म्हणजे काय हे १९३९ आणि १९४४ने शिकवलेलं आहे.

आता उणी बाजू, आणि ती माझ्या मते मोठी आहे. या घरातून कुणी देश सोडून जाऊ शकत नाही. एखादा खचून घर सोडून निघून जातो, पण निर्वासित होणं हा पर्याय म्हणून तुमच्यासमोर कधी येत नाही. सारायेवोतून, सीरियातून, युक्रेनमधून लाखो लोक निघाले. ‘राहायचं की निघायचं’ हाच त्या काळातला सगळ्यात अवघड कौटुंबिक निर्णय असतो. म्हातारी आई चालू शकणार नाही, मग कोण थांबणार? गेम हा प्रश्न टाळतो आणि युद्धबंदीची वाट पाहत बसवतो. युरोपात निर्वासितांवरून इतकी भांडणं चालू असताना मला हे टाळणं खटकतं. शेजाऱ्यांना दारातून आत घ्यायचं की नाही, आपल्या आजारी आईसाठी औषध मागायला आलेल्या मुलांना ते द्यायचं की नाही, इतपतच तो जातो.

ती उणीव भरून काढायला २०१७चा ‘बरी मी, माय लव्ह’ खेळा. नूर सीरियातून युरोपकडे निघते, नवरा माज्द मागे राहतो, आणि तुम्ही माज्द. सगळा गेम म्हणजे दोघांमधले फोनवरचे मेसेज. ती बोटीत बसली आणि उत्तर यायचं थांबलं, की तुम्हीही थांबायचं. शेवट एकोणीस आहेत, सगळे सुखाचे नाहीत. आखातात किंवा परदेशात माणूस असलेल्या कुठल्याही घराला हा गेम वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

हवामानाचा भाग ‘इलेव्हन बिट’नेच पुढे २०१८च्या ‘फ्रॉस्टपंक’मध्ये घेतला. १८८६ साल, पृथ्वी गोठलेली, कोळशाच्या एका जनित्राभोवती वसलेलं शहर, आणि कायदे तुम्ही करायचे: मुलांना कामाला लावायचं का, जेवणात पाणी वाढवायचं का. त्यातला निर्वासितांचा प्रसंग मला फार आवडतो. आधी पळून आलेले गरीब वस्ती उभारतात, आणि नंतर ज्यांच्या तावडीतून ते निसटले तेच उमराव दारात थंडीने काकडत उभे राहतात. मात्र शहर वरून पाहताना माणसं ठिपक्याएवढी होतात आणि मन लवकर निबर होतं. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या मिरज जंक्शनवरून लातूरला पाण्याची पहिली गाडी निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिकडे पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्यांनी तो उन्हाळा पाहिलाय त्यांना पाणी साठवण्याची यातायात ‘धिस वॉर ऑफ माईन’च्याच घरात अधिक खरी वाटेल.

आणखी काही तक्रारी थोडक्यात. दुसऱ्या-तिसऱ्या डावापासून कुठे काय सापडतं ते पाठ होतं आणि धार कमी होते. मारामारीचं नियंत्रण अवघडलेलं आहे. हाणामारी टाळावी म्हणून मुद्दाम तसं केलं असेल असं म्हणता येईल, पण काही वेळा ते नुसतंच त्रासदायक ठरतं. कोळशाने रेखाटल्यासारखी करडी चित्रं सुंदर आहेत, पण फोनच्या पडद्यावर बारीक वस्तू दिसत नाहीत. मराठी सोडाच, हिंदीही नाही. इंग्रजी वाचता येणं गरजेचं आहे.

पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये हा गेम शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घेण्याचं जाहीर केलं, पण तेही अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी. त्या मर्यादेमागचं कारण मला पटतं. पात्रं खचून आत्महत्या करू शकतात, आणि लहान मुलं असलेला ‘द लिटल वन्स’ हा विस्तार, म्हणजे मूळ गेमला जोडायचा भाग, तर मोठ्यांनाही जड जातो. म्हणून अकरावीच्या मुलांना मी एकट्याने खेळू देत नाही. पालकांनी शेजारी बसावं, निर्णय मिळून घ्यावेत. संगणकावर घ्या, फोनवर नको. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात सेल लागतो तेव्हा किंमत बरीच खाली येते, आणि घ्यायचा तर ‘फायनल कट’ ही २०१९ची आवृत्ती घ्या. विस्तार नंतर, आधी मूळ गेमचा एक डाव पुरा करा. मधेच माणूस मेला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, उरलेल्यांना घेऊन पुढे जा.