सातबारा खरा, प्लॉट खोटा: बडोद्याच्या टीपीतली फसवणूक

बडोद्याच्या कडेला प्लॉट घेणारे बहुतेक लोक एकाच कागदावर निश्चिंत होतात. एनीआरओआर या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या वेबसाइटवर सर्व्हे नंबर टाकला, मालकाचं नाव जुळलं, बोजा दिसला नाही, की टोकन दिलं. या फसवणुकीची खुबी अशी की सातबारा अगदी खरा असतो. खोटा असतो तो त्या सर्व्हे नंबरावर चुन्याने आखून दाखवलेला प्लॉट.

गुजरातेत शहराची वाढ 1976 च्या नगररचना कायद्याखालच्या टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीमने होते. शेतं संपादन न करता एकत्र धरायची, रस्ते-बागा-शाळांना जागा काढायची आणि उरलेली जमीन मालकांना नीट आकारात परत द्यायची. मूळ तुकडा तो ओपी (ओरिजिनल प्लॉट), परत मिळतो तो एफपी (फायनल प्लॉट). कायद्यातला हिशेब असा: रस्त्यांना 15 टक्के, बागा-मैदानांना 5, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींना 5, आणि खर्च भागवण्यासाठी प्राधिकरणाने विकायच्या प्लॉटना 15. म्हणून कपात साधारण 40 टक्के धरतात. पद्धत चांगली आहे. आधी रस्ता आणि ड्रेनेजची जागा, मग घरं, हा क्रम इतर राज्यांनी घ्यावा असाच आहे.

गोम आहे ती मधल्या काळात. कलम 41 खाली टीपीचा इरादा जाहीर होतो, मग मसुदा, कलम 48 ची सरकारी मंजुरी, मग टाउन प्लॅनिंग ऑफिसर म्हणजे टीपीओ, त्याची प्रिलिमिनरी स्कीम आणि शेवटी फायनल. कायद्यात मुदती आहेत, प्रत्यक्षात वर्षं जातात. तेवढा काळ सातबाऱ्यावर जुनंच क्षेत्रफळ दिसत राहतं. विकणाऱ्याचा सगळा धंदा हे जुनं क्षेत्रफळ आणि लहान झालेला एफपी यांच्यातल्या फरकावर.

समजा सर्व्हे नंबर 10,000 चौरस मीटरचा आहे. त्यावर 150 मीटरचे 50 प्लॉट आखले, म्हणजे 7,500; उरलेले 2,500 आतल्या रस्त्यांना. चित्र छान दिसतं. टीपीनंतर हातात एफपी येतो 6,000 चा. त्यातून 10 टक्के कॉमन प्लॉट सोडायचा, 5,400 उरले. आतले रस्ते काढले की 28-30 प्लॉटांपुरतीच जागा. पैसे मात्र 50 जणांचे घेतलेले. कुणाचा प्लॉट गेला हे ठरवणारा कागदच नसतो, कारण दस्तावेजात प्लॉट नंबर नसून 'अविभक्त हिस्सा' लिहिलेला असतो. तो शब्द दिसला की तिथेच थांबा. त्यात एफपी जुन्याच जागी पडेल याचीही खात्री नाही. प्लॅनर शक्यतो जवळ ठेवतो, पण शेतातून रस्ता किंवा बागेचं आरक्षण गेलं तर दुसरीकडे सरकवतो.

आता याला 'ग्रीन' नावाचा मुलामा चढला आहे. ब्रोशरात सोसायटीला लागून मोठी बाग, सायकल ट्रॅक, तळं. नकाशा टीपीच्या मसुद्याशी ताडून पाहिला तर ती बाग त्याच कपातीतून गेलेली सार्वजनिक जागा निघते. तुमच्या मालकीची नाही, तिला कुंपण घालता येणार नाही आणि मेंटेनन्सच्या नावाने तुमच्याकडून पैसे घेण्याचाही प्रश्न नाही. शेजारची हिरवी पट्टी 'विक्रीसाठी'चा एफपी असेल तर उद्या तिथे टॉवर उभा राहील. पावसाचं पाणी जिरवणारी परकोलेटिंग वेल दाखवली असेल तर ती मंजूर ले-आउटवर कुठे आहे ते विचारा. ब्रोशरातली विहीर पाणी जिरवत नाही. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर तर नाल्याकाठच्या भरावावरचा प्लॉट 'रिव्हर व्ह्यू' म्हणून घेणाऱ्याने पावसाळ्यात एकदा तिथे जाऊन यावं.

जमीन शेतीची असेल आणि तुम्ही खेडूत खातेदार म्हणजे नोंदलेले शेतकरी नसाल, तर गणोत कायद्याचं, म्हणजे कुळकायद्याचं, कलम 63 आड येतं; असा व्यवहार मामलतदार रद्द ठरवू शकतो. 'बिनखेती (बिगरशेती) होऊन जाईल' या आश्वासनाला किंमत नाही, हुकमाची नक्कल हवी. जमीन नव्या शरतीची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर प्रीमियम भरल्याची पावतीही. आणि हक्कपत्रकातली नोंद प्रमाणित आहे की अजून कच्चीच, हे बघायला विसरू नका.

खरे कागद तीन: झोन सर्टिफिकेट (जमीन कुठल्या झोनमध्ये येते त्याचा दाखला), पार्ट प्लॅन (टीपीच्या नकाशाचा त्या जमिनीपुरता भाग) आणि एफ फॉर्म. एफ फॉर्ममध्ये ओपी, एफपी, दोन्हींची क्षेत्रफळं आणि मालकाने भरायची निव्वळ रक्कम असते. ही रक्कम शेवटी प्लॉटवाल्यांच्याच माथी येते, म्हणून ती कोण भरणार हे बानाखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, लिहून घ्या. कागद दलालाकडून नकोत, ऑफिसातून स्वतः काढा. कुठलं ऑफिस, हेही तपासायला लागतं: भायली, सेवासी, बिल ही गावं 2020 मध्ये महापालिकेत आली, त्याआधीची कागदपत्रं कारेलीबागेतल्या वुडात, म्हणजे बडोदा नगरविकास प्राधिकरणात, असू शकतात. टीपी अजून फायनल नसेल तर रजाचिठ्ठीसाठी (बांधकाम परवानगीसाठी) टीपीओचा अभिप्राय लागतो; तो दाखवता आला नाही तर बांधकामाच्या गप्पा ऐकूच नका.

रेरा नंबर 500 चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटिंगला लागतोच. नंबर नसताना 'हे बुकिंग नाही, नुसती नोंद' म्हणून कच्ची चिठ्ठी देतात. नोंदणी झालेल्या करारावाचून 10 टक्क्यांहून जास्त घेणं कलम 13 प्रमाणे बेकायदा आहे. नोटरीचं बानाखत इथे चालत नाही.

पैसे अडकलेच असतील तर ब्रोशर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे नकाशे पुसू नका. खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे दिले असतील तर रेराचं कलम 12 व्याजासकट परतावा देतं, आणि त्याला पुरावा तोच. एकाच जमिनीवर जास्त प्लॉट विकल्याचं कागदावर दिसत असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रारही होते. टीपीचा मसुदा नुकताच प्रसिद्ध झाला असेल तर हरकतीला एक महिना असतो. टीपीओची नोटीस सातबाऱ्यावरच्या मालकाच्या पत्त्यावर जाते, बानाखतवाल्याला कुणी कळवत नाही. म्हणून नोंदणीकृत बानाखताची नक्कल जोडून आपणच लेखी अर्ज द्यायचा आणि त्यावर आवक नंबर व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.