नौपाड्यातला व्हायकिंग बंदराचा स्लाइड शो, नक्की जा

रविवारी संध्याकाळी नौपाड्यात एका ग्रुपचा स्लाइड शो होता, विषय हेडेबी, व्हायकिंगांचं (उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी) व्यापारी गाव. तिकीट ३०० रुपये, दोन तास. आठवीतल्या मुलीला घेऊन गेलो आणि पैसे वसूल झाले.

शो दाखवणाऱ्या सरांनी सुरुवात नकाशापासून केली ते एकदम भारी. आता ही जागा जर्मनीत श्लेस्विगजवळ आहे, तेव्हा, म्हणजे नवव्या ते अकराव्या शतकात, डॅनिश राजाच्या ताब्यात. बाल्टिक समुद्रातून श्लाय नावाची चिंचोळी खाडी जवळपास ४० किलोमीटर आत घुसते, तिच्या टोकाला हे गाव, आणि तिथून माल १५-१६ किलोमीटर जमिनीवरून नेला की ट्रेने नदी लागते, मग होडीने थेट उत्तर समुद्र, म्हणजे डेन्मार्कचा अख्खा वळसा वाचला! खाडीच्या जिवावर बाजार कसा उभा राहतो हे ठाणेकराला वेगळं सांगावं लागत नाही, आपलं शिलाहार राजांचं श्रीस्थानक, म्हणजे जुनं ठाणं, पण त्याच शतकांतलं.

८०८ साली डॅनिश राजा गॉडफ्रेडने रेरिक नावाचं बंदर मोडलं आणि तिथले व्यापारी उचलून इथे आणून बसवले. मग सांबरशिंगाच्या फण्या, काचेचे मणी, ऱ्हाईनकडून आलेली दगडी जाती, आणि चांदी तुकडे करून तराजूवर तोलून द्यायची. मुलीला सगळ्यात आवडला तो अल-तर्तुशी, दहाव्या शतकात स्पेनहून आलेला प्रवासी. त्याने लिहून ठेवलंय की इथल्या बायका स्वतःहून नवऱ्याला सोडू शकतात, डोळ्यांना काजळासारखं काहीतरी पुरुषही लावतात, आणि गाणं म्हणाल तर कुत्र्यांच्या गुरगुरण्यापेक्षा वाईट.

एक गोष्ट मात्र खटकली. गुलामांचा बाजार दोन मिनिटांत उरकला. बिशप रिम्बर्टने साखळदंडातल्या एका ननला स्वतःचा घोडा देऊन सोडवलं, एवढं सांगून पुढची स्लाइड. अहो, त्या बाजारातला मोठा पैसा माणसं विकून यायचा, तिथे थांबायला हवं होतं. शेवटी मुलीनेच उठून विचारलं तेव्हा सर नीट बोलले, अजिबात टाळलं नाही, त्याबद्दल मनापासून आभार.

१०५० ला नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडाने गाव जाळलं, १०६६ ला स्लाव टोळ्यांनी लुटलं, लोक पलीकडे श्लेस्विगला गेले. बंदराच्या चिखलात लाकूड टिकलं म्हणून जहाजं मिळाली.

स्लाइडवरची अक्षरं बारीक आहेत, पुढच्या रांगेत बसा. पुढचा शो स्वीडनच्या बिरका या व्हायकिंग गावावर आहे, आमची दोन तिकिटं काढून झाली.