कुंपणाला काय लावावे: मोगली एरंड, कण्हेर की बिट्टी?

शेताच्या बांधावर किंवा घराच्या आवारात जिवंत कुंपण करायचे ठरले की, शेळ्या-गुरे ज्याला तोंड लावत नाहीत, ज्याला पाणी फारसे लागत नाही आणि ज्याच्या रोपांवर पैसे मोडावे लागत नाहीत, अशा झुडपाचा शोध सुरू होतो. या तिन्ही कसोट्यांना उतरणारी आणि महाराष्ट्रात सर्रास आढळणारी झुडपे म्हणजे मोगली एरंड, कण्हेर आणि बिट्टी, अर्थात पिवळी कण्हेर. जनावरे ती टाळतात, कारण तिन्ही विषारी आहेत. म्हणूनच विष कोणत्या भागात आहे, ते शरीरात कशावर घाला घालते आणि कुंपणापाशी कोणाचा वावर असणार आहे, हे पाहूनच निवड करावी.

मोगली एरंड मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतला असला, तरी आपल्याकडे तो इतका रुजला आहे की परका वाटत नाही. पावसाच्या तोंडावर त्याचे हातभर खुंट ओळीने रोवले की बहुतेक जगतात आणि दाट लावल्यास दोनएक पावसाळ्यांत गुरांना अडवण्याजोगी वई तयार होते. मात्र कोरड्या दिवसांत पाने झडून नुसते दांडे उरत असल्याने, आडोसा हवा असणाऱ्याची उन्हाळ्यात निराशा होते. त्याचे परंपरागत उपयोग तिघांत सर्वाधिक आहेत: बियांचे तेल दिव्यासाठी व साबणासाठी, कोवळ्या काड्या दातवणासाठी, चीक किरकोळ जखमेचे रक्त थांबवण्यासाठी, कोकणात मुळाची साल हिंगाबरोबर उगाळून ताकातून अपचनावर देत असत. देठ मोडून त्यातल्या चिकात हळूच फुंकर घालून फुगे उडवणे हा तर मुलांचा आवडता उद्योग, आणि इथेच धोक्याची सुरुवात होते, कारण फुगे उडवणारा हात पुढे फळांकडे जातो.

पिकून काळसर झालेल्या फळात सहसा तीन काळ्या बिया असतात आणि आतला पांढरा गर चवीला शेंगदाण्यासारखा गोडसर लागतो. कडू विष मूल थुंकून टाकते. हे मात्र आवडीने आणखी खाल्ले जाते आणि मित्रांनाही वाटले जाते, त्यामुळे एकाच वेळी अनेक मुलांना बाधा झाल्याच्या बातम्या वारंवार येतात. घशात जळजळ, पोटात कळा, उलट्या व जुलाब ही लक्षणे काही वेळातच दिसतात. वेळीच सलाइन मिळाल्यास बहुतेक मुले एक-दोन दिवसांत सावरतात. बियांतील कर्सिन हे विषारी प्रथिन उष्णतेने निकामी होते, पण फोर्बॉल एस्टर ही विषारी द्रव्ये टिकून राहतात. म्हणून याची पेंड खत म्हणून चालते, जनावरांना घालायची नसते. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये या झाडाला जैवडिझेलचा मुख्य आधार मानले होते, परंतु हलक्या कोरडवाहू जमिनीत अपेक्षित उत्पादन हाती आले नाही. तेव्हा बांधावरच्या ओळीतून तेलाचे पैसे सुटतील, हा हिशेब निवड करताना धरूच नये.

कण्हेर दिसण्यात सरस आहे. ती बारमाही हिरवी राहते, फुलते, धूर-धूळ आणि ऊन सोसते, म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांत तिची रांग दिसते; शिवाय पूजेला लाल-पांढरी फुले घरचीच मिळतात. आयुर्वेदात करवीर या नावाने तिची गणना उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत होते. गाईच्या दुधात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय ती वापरत नाहीत, आणि तिचे तेलही त्वचारोगांवर बाहेरून लावण्यासाठीच सांगितले आहे. घरी काढा करून पिण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो सरळ नाकारावा. पान, फूल, साल, मूळ या सर्वांत हृदयाची लय बिघडवणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. मे २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी (मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या संस्थांनी) नैवेद्य व प्रसादात या फुलांचा वापर बंद केला, तो एका तरुणीच्या संशयित विषबाधेनंतरच. कडवटपणामुळे माणूस आणि जनावर दोघेही सहसा तिच्या वाटेला जात नाहीत; परंतु छाटलेली पाने वाळली की कडवटपणा कमी होतो आणि विष कायम राहते, त्यामुळे छाटणीचा ढीग गोठ्याजवळ पडला तर एखादे जनावर दगावू शकते. छाटण जाळूही नये, कारण धूरही बाधतो; ते खोल खड्ड्यात पुरून टाकावे.

बिट्टीबद्दल थोडक्यात सांगता येईल. पिवळी घंटेसारखी फुले आणि चकचकीत पाने यामुळे ती लावाविशी वाटते, पण हृदयावर घाला घालणारे त्याच प्रकारचे विष तिच्या कठीण बाठीतल्या बियांत एकवटलेले असते, आणि या बाठ्या मुले खेळायला गोळा करतात. श्रीलंकेत १९८० नंतर या बिया खाऊन जीव देण्याचे प्रकार इतके वाढले की तो तेथील सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. त्यावर गुणकारी ठरणारी प्रतिपिंडे (विष निष्प्रभ करणारे औषध) महाग असून ग्रामीण रुग्णालयांत सहसा मिळत नाहीत. घराभोवती ही मी मुळीच सुचवणार नाही.

वस्तीपासून दूरच्या बांधाला मोगली एरंड योग्य आहे. रस्त्याकडेच्या, मुलांचा आणि गुरांचा वावर नसलेल्या हद्दीला कण्हेर लावावी, मात्र छाटणीची विल्हेवाट स्वतःच्या देखरेखीखाली व्हावी. शाळा, अंगणवाडी किंवा लहान मुलांचे घर असेल, तर तिन्ही वगळून निर्गुडी किंवा अडुळसा लावावा: शेळ्या यांनाही फारशा शिवत नाहीत, दोन्ही छाट कलमांनी लागतात, आणि अडुळशाची पाने घरात खोकल्यावर कामाला येतात.