उवा: औषध की फणी?
शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा सापडल्या की घरात दोन पक्ष पडतात. १ टक्का परमेथ्रिन या उवा मारणाऱ्या औषधाचं काम झटपट: धुऊन टिपलेल्या केसांना लावा, १० मिनिटांनी धुवा. पण लिखा त्यातून वाचतात, ७ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून नवव्या दिवशी पुन्हा लावावं लागतं. नेमकं तेच विसरलं जातं. शिवाय काही उवा या औषधाला दादच देत नाहीत.

फणी स्वस्त, तान्ह्या बाळालाही चालणारी. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर, मग बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत, दर वेळी पांढऱ्या फडक्यावर पुसत. दर ३-४ दिवसांनी, निदान दोन आठवडे. दाट केसांना वेळ जातो, पोरगी कुरकुरते ती वेगळीच! तरी माझं मत फणीलाच. काहीही निवडा, सगळ्यांची डोकी एकाच दिवशी तपासा, आजीचा अंबाडासुद्धा.