चित्रं विक्रीला दिली, विकल्या गेल्या त्यांच्या नकला

मुंबईत चित्रं विकून घर चालवणाऱ्या आणि चालवू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. कला महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेल्यांनी तर नक्की वाचा. ऑफिसं, हॉटेलं आणि दवाखान्यांना चित्रं पुरवणाऱ्या एका माणसाने माझी चित्रं विक्रीसाठी नेली, त्यांचे मोठ्या आकारात कॅनव्हासवर प्रिंट काढले, वरून ब्रशने पारदर्शक जेल फासलं आणि ‘हाताने रंगवलेलं मूळ चित्र’ म्हणून ते विकले. त्यातला एक रुपयाही माझ्या हाती आला नाही, आणि मूळ चित्रंही अडकून पडली. प्रकरण पोलिसांत आणि वकिलांकडे आहे, म्हणून त्याचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण तीच पद्धत उद्या दुसरं कुणी तुमच्यावर वापरेल.

असा माणूस चित्रकाराला हवासा का वाटतो, ते आधी बघा. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 पासून उभी आहे आणि तिथे एकदा तरी प्रदर्शन व्हावं असं आपल्यातल्या प्रत्येकाला वाटतं. पण अर्ज केल्यावर नंबर लागायला वर्षं जातात आणि मिळतो तो एक आठवडा. खासगी गॅलऱ्या निवडक लोकांनाच घेतात आणि विक्रीतला तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम कमिशन म्हणून ठेवतात. त्यात त्यांचं चूक आहे असं नाही. जागेचं भाडं, माणसं, जाहिरात, ग्राहक सांभाळणं हे सगळं त्यांना करावं लागतं. इकडे पेपरात बातमी येते की जे.जे.त शिकलेल्या गायतोंड्यांचं चित्र 2021 मध्ये लिलावात जवळपास 40 कोटींना गेलं, आणि लग्नाकार्यात नातेवाईक विचारतात, ‘तुझं कितीला जातं गं?’ त्या 40 कोटींच्या आणि फुटपाथवर बसून पोर्ट्रेट काढून देणाऱ्याच्या मधे आपण बहुतेक सगळे असतो. कॅनव्हास, रंग, फ्रेमवाला, टेम्पो, खोलीचं भाडं, हे दर महिन्याला लागतंच. इंटिरिअरवाल्यांचं काम नियमित मिळतं, म्हणून ते आपल्याला धरून ठेवावंसं वाटतं.

हा माणूस आमच्या एका ग्रुप शोला आला. मराठी, बोलायला अतिशय अदबशीर. हळदणकरांच्या जलरंगांबद्दल असं बोलला की ऐकत राहावं. माझी दोन छोटी जलरंगातली चित्रं जागच्या जागी पैसे देऊन घेतली. मग घरी आला, आईच्या पाया पडला, चहा घेतला आणि म्हणाला, “ताई, तुम्ही फक्त चित्रं काढा, बाकीचं माझ्यावर सोडा.” कमिशन 25 टक्के. पहिले काही महिने चोख व्यवहार. चित्र विकलं की आठवड्यात पैसे खात्यात. ही सुरुवातीची सचोटी त्याच्या योजनेचाच भाग होती, हे आता स्पष्ट दिसतंय. तोवर त्याच्यावर संशय घ्यावा असं काही घडलंच नव्हतं.

मग त्याने कॅटलॉग काढायचं ठरवलं. मोठ्या क्लायंटला मोबाइलवरचे फोटो दाखवून चालत नाही, नीट स्टुडिओत फोटो काढून घेऊ, खर्च माझा, म्हणाला. खरोखरच एका स्टुडिओत दोन्ही बाजूंनी दिवे लावून, शेजारी रंगांचं कार्ड ठेवून प्रत्येक चित्राचा फोटो काढला गेला. फाइली पूर्ण आकाराच्या, 300 डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके. चोरी तिथेच झाली. पुढचं सगळं त्या फाइलींवर उभं राहिलं.

आकडा समजून घ्या. 24 बाय 36 इंचांच्या चित्राची 300 डीपीआयची फाइल म्हणजे 7200 बाय 10800 पिक्सेल. हीच फाइल 150 डीपीआयला छापली की 4 बाय 6 फुटांचा कॅनव्हास निघतो, आणि लॉबीत पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्याला त्यात काही कमी जाणवत नाही. मूळ चित्र एकदाच विकता येतं. फाइल कितीही वेळा.

फाइली हातात आल्यावर त्याचा सूर बदलला. चित्रं ‘क्लायंटकडे अप्रूव्हलला’ गेलेली असायची, नाहीतर भिवंडीच्या गोदामात. ‘लॉबीचं काम लांबलंय’, ‘अकाउंट्सची बाई रजेवर आहे’, ‘मार्च एंडिंग होऊ द्या’. परत मागितली की नुसती टोलवाटोलवी. कुणाला दाखवली, कुठे लावली, याचा ताकास तूर लागू देत नव्हता.

एका मैत्रिणीने अंधेरीच्या एका ऑफिसमधून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अभिनंदन! केवढं मोठं केलंस!’ फोटोत माझं ससून डॉकचं चित्र होतं: पहाटेची बोट, बर्फाच्या लाद्या, पाट्या घेऊन वाकलेल्या कोळणी. मी ते 24 बाय 36 इंचांत ॲक्रेलिकमध्ये केलं होतं. भिंतीवरचं माझ्या उंचीपेक्षाही मोठं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीबरोबर तिथे गेले.

समोरून पाहिलं तर कुणालाही ते खरं वाटलं असतं. मी बाजूला जाऊन मान तिरपी केली आणि भिंतीलगत मोबाइलचा टॉर्च धरला. माझ्या चित्रात मासळीची चमक मी नाइफने, म्हणजे रंग लावायच्या पातळ पात्याने, ओढली आहे. रंगाचे छोटे उंचवटे, प्रत्येकाची दिशा माशाच्या अंगाबरोबर वळणारी. इथे त्या जागी रंगाला जाडी नव्हतीच. वर जेलचे पट्टे होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, फणी फिरवावी तसे. मासा, बोट, कोळणीचा चेहरा, सगळ्यावरून तेच पट्टे तशाच एका दिशेने गेलेले. जिथे जेल चुकून लागलं नव्हतं तिथे मोबाइलचा कॅमेरा जवळ नेला, तर शाईचे बारीक ठिपके दिसले. फ्रेम नव्हती, आणि कॅनव्हासच्या कडेवर, जिथे माझ्या हाताचे रंगाचे ओघळ असायला हवेत, तिथे चित्र तसंच गुळगुळीत वळून मागे गेलं होतं. आणि उजव्या कोपऱ्यात माझी सही नव्हती. सहीच्या जागी डावीकडच्या पाण्याचा तुकडा उचलून चिकटवला होता. बोटीच्या दोराचं एकच वेडंवाकडं प्रतिबिंब त्या चित्रात दोन ठिकाणी होतं, रेषा न् रेषा सारखं. तिथे मला फार राग आला. पैसे बुडवणं एक, पण सही पुसायला माणूस बसवून, वेळ देऊन काम करून घ्यावं लागतं.

तिथल्या ॲडमिन मॅनेजरनी बिल आणि प्रमाणपत्र दाखवलं. ‘ओरिजिनल, हँडमेड’ असं छापलेलं, पुरवठादाराचा शिक्का, चित्रकाराचं नाव कुठेच नाही. म्हणजे गिऱ्हाइकाच्याही तोंडाला पानं पुसलेली. त्यांनी दोन्ही कागदांची प्रत मला दिली, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या कागदांशिवाय पुढे काहीच उभं राहिलं नसतं.

त्याला फोन केला तेव्हा आवाजात जराही फरक नव्हता. “ताई, चित्र दिलंत की हक्कही गेले. आणि तुम्ही हे आमच्या ऑर्डरवर केलंय, वर्क ऑर्डर मेलवर आहे, बघा.” खरंच मेल होता. चित्रं नेल्यावर बऱ्याच दिवसांनी पाठवलेला, विषय ‘रेकॉर्डसाठी’, खाली चित्रांची यादी.

हा मेल साधा नव्हता. वकिलांनी उलगडून सांगितलं ते प्रत्येक चित्रकाराने लक्षात ठेवावं. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याप्रमाणे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराचा असतो. चित्र विकलं तरी गिऱ्हाइकाकडे ती वस्तू जाते, छापण्याचा हक्क जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. पण कलम 17 मध्ये एक अपवाद आहे: मोबदला देऊन कुणी सांगून चित्र काढून घेतलं, आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट सांगणाऱ्याचा होतो. आधीच तयार असलेलं चित्र ‘ऑर्डरचं’ ठरवण्यासाठी तो मेल होता. माझी बाजू तरली ती व्हॉट्सॲपमुळे. चित्र होत असताना टप्प्याटप्प्याने बहिणीला पाठवलेले फोटो तारखेसकट होते, त्याची माझी ओळख होण्याच्याही आधीचे. सही पुसण्याबद्दल कलम 57 आहे. हक्क विकले तरी ‘हे माझं काम आहे’ हे सांगण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो.

पोलिस ठाण्यात आधी ‘हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ असं ऐकलं. तुम्हालाही ऐकावं लागेल, तेव्हा परत फिरू नका. कॉपीराइटचं उल्लंघन कलम 63 खाली गुन्हा आहे, आणि तो दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. विक्रीसाठी विश्वासाने दिलेली वस्तू परत न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघात, आणि खोटं सांगून माल खपवणं कलम 318 खाली फसवणूक. वकिलांनी निकालाची प्रत जोडून अर्ज दिल्यावर तक्रार घेतली गेली. कॉपीराइट नोंदवलेला नसला तरी हक्क असतोच. नोंदणीचं प्रमाणपत्र मात्र अशा वेळी हाताशी असलेलं बरं. चित्रासाठी शुल्क 500 रुपये, वस्तूंवर वापरायचं असेल तर 2000.

नोटीस गेल्यावर काही चित्रं परत आली. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून मुंबईचा पूर्ण पावसाळा गोदामात काढलेली. उघडल्यावर कुबट वास, कॅनव्हासच्या मागे बुरशीचे काळे ठिपके, दोन चित्रांत ते पुढच्या रंगापर्यंत आलेले. कोरड्या ब्रशने आणि उन्हाने जेवढं गेलं तेवढं गेलं.

प्रिंटला माझा विरोध नाही, हे मुद्दाम सांगते. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि त्याच्या देवता घराघरांत पोचल्या. पण ते त्याने स्वतः, स्वतःच्या नावाने केलं. आजही कित्येक चित्रकार ठरावीक प्रती काढतात, प्रत्येकीवर क्रमांक आणि सही घालतात, प्रिंट म्हणूनच विकतात. ज्याला मूळ चित्र परवडत नाही त्याच्या घरी ते जातं, हे चांगलंच आहे. तसंच भाडं भरून दालन घेणं ही काही फसवणूक नव्हे. पैसे कशाचे देतोय ते तिथे आधीच माहीत असतं. गिऱ्हाइकाचं नाव लपवणारा आणि फाइल मागणारा माणूस मात्र वेगळा.

म्हणून आता चित्र दाराबाहेर जाताना मी डिलिव्हरी चलन करते. त्यावर चित्राचं नाव, माप, माध्यम, पुढचा-मागचा फोटो, किंमत, कमिशन, परत करायची तारीख, नुकसान झालं तर भरपाई कुणाची, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी माझी, एवढं असतं. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय टेम्पो हलत नाही. विकलं तर कुणाला विकलं ते आठवड्यात कळवायचं, ही अटही त्यातच. बिलावर ‘कॉपीराइट चित्रकाराकडे, छपाईचा हक्क दिलेला नाही’ ही ओळ छापून घेतली आहे. खरोखर ऑर्डरचं काम असेल तर सुरू करण्याआधीच हीच ओळ करारात घालते. बाहेर जाणारा फोटो लांब बाजूला 1200 पिक्सेलच्या वर नसतो. 150 डीपीआयला त्याचा 8 इंचांचा प्रिंट निघतो. बघायला पुरतो, लॉबीला नाही. ‘कॅटलॉग छापायचा आहे’ म्हणणाऱ्याला सांगते, छापखान्याचं नाव द्या, फाइल मी थेट तिथे पाठवते. यावर जो रुसतो त्याच्याशी व्यवहार पुढे नेत नाही. आणि ‘ऑर्डर’, ‘रेकॉर्ड’ असले शब्द असलेला मेल आला तर त्याच दिवशी उत्तर देते: हे चित्र आधीच तयार होतं, फक्त विक्रीसाठी दिलं आहे.

माझी काही मूळ चित्रं अजून बेपत्ता आहेत. ससून डॉकचं ते चित्र त्यातच आहे, शिवाय गिरगावातल्या चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांची मालिका. सगळ्यांच्या मागे स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणायच्या लाकडी चौकटीच्या, खालच्या पट्टीवर निळ्या पेन्सिलीने देवनागरी अंकात क्रमांक आणि वर्ष आहे. पट्टी तिथे ताजी तासलेली दिसली, तरी ते माझं असू शकतं असं समजा. कुणाकडे विकायला आलं तर घेऊ नका, फोटो आणि विकणाऱ्याने दिलेलं बिल जपून ठेवा आणि मला कळवा. तुमची स्वतःची चित्रं अशा पुरवठादाराकडे असतील तर याच आठवड्यात यादी करून लेखी परत मागा. पावसाळ्याच्या आत मागा.