नाव मोठं, लक्षण खोटं: लुईव्हिलचं सीझन तिकीट, २०२२ ते २०२४

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचं सीझन तिकीट म्हणजे पैसे आधी, माल नंतर आणि परताव्याचं नाव नाही. तेव्हा त्याचाही रिव्ह्यू व्हायलाच हवा. हा रिव्ह्यू केंटकी राज्यातल्या लुईव्हिल विद्यापीठाच्या पुरुष संघाचा, केनी पेन हेड कोच असतानाच्या दोन हंगामांचा आहे. २०२२-२३ मध्ये ४ विजय, २८ पराभव. २०२३-२४ मध्ये ८ विजय, २४ पराभव. १९८० आणि १९८६ चा हा राष्ट्रीय विजेता. २०१३ चं विजेतेपद नियमभंगापायी २०१८ मध्ये काढून घेतलं गेलं, पण त्या रात्री मैदानावर जिंकला होता तो हाच संघ. अशा घराण्यात दोन वर्षांची बेरीज १२-५२. पाचपैकी एक तारा, आणि तोही इमारतीच्या वाट्याचा.

इमारतीचं आधी उरकून टाकू. के.एफ.सी. यम! सेंटर २०१० साली डाउनटाउनमध्ये, ओहायो नदीच्या काठावर उघडलं. त्याआधी सामने फ्रीडम हॉलमध्ये व्हायचे. बैठक २२ हजारांच्या आसपास. खालच्या मजल्यावर साइडलाइनची सीट सगळ्यात महाग, पण तिथून चेंडूपलीकडची बाजू नीट दिसत नाही. समोर दहा उंच माणसं आणि दोन्ही बाकांवरची गर्दी. खेळ वाचायचा असेल तर वरच्या मजल्यावर बास्केटच्या मागची, जरा कोपऱ्याकडची सीट घ्या. खेळाडूंमधली अंतरं, कोण कुठे उभा आहे, कोण उगाच उभा आहे, सगळं तिथून उघडं पडतं. ती सीट स्वस्तही असते. या दोन वर्षांत तर वरचा मजला बऱ्याच रात्री असा रिकामा असायचा की पाय पसरून बसावं.

आता पॅकेजमध्ये काय मिळतं ते. छापील किंमत हा खर्चाचा एक भाग. चांगल्या सीटसाठी विद्यापीठाच्या क्रीडा निधीला दरवर्षी वेगळी देणगी द्यावी लागते, आणि ती दिल्याशिवाय सीटचा हक्क टिकत नाही. पूर्वी या देणगीची ८० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा व्हायची. २०१७ च्या करकायद्यानंतर, म्हणजे २०१८ पासून, ती सवलत बंद झाली. अजूनही कोणी ‘टॅक्समध्ये सुटतं’ म्हणून गळ घालत असेल तर त्याचं ऐकू नका. सामन्यांमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरचे हलके पाहुणे येतात, ज्यांना बोलावतातच हरवण्यासाठी. खरा माल म्हणजे ए.सी.सी. परिषदेचे, म्हणजे लुईव्हिल ज्या गटात खेळतं त्यातले, घरचे सामने (या दोन वर्षांत दहा-दहा) आणि राज्यातल्याच केंटकी विद्यापीठाविरुद्धची लढत, जी वर्षाआड घरी येते. या दोन वर्षांत ती २०२३ च्या डिसेंबरात घरी आली आणि केंटकीने ९५-७६ असा फडशा पाडला.

हलक्या पाहुण्यांनीच इथे घात केला. २०२२ च्या ऑक्टोबरात लेनॉयर-ऱ्हाइन या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजने सराव सामन्यात ५७-४७ असं हरवलं. तेव्हा लोक म्हणाले, सरावच आहे, जाऊ द्या. मग हंगाम सुरू झाला आणि पहिले तीनही सामने एकेका गुणाने गेले: बेलरमाइन ६७-६६, राइट स्टेट ७३-७२, ॲपलाचियन स्टेट ६१-६०. ओळीने नऊ पराभव झाल्यावर वेस्टर्न केंटकीविरुद्ध पहिला विजय आला. त्या तीन एका गुणाच्या पराभवांना अनेकांनी दुर्दैव म्हटलं. ते पटत नाही. अशा पाहुण्याविरुद्ध घरच्या मैदानावर शेवटच्या मिनिटात बरोबरी असेल, तर शेवटच्या शॉटची चर्चा फिजूल. आधीची ३९ मिनिटं तपासायला हवीत. हवाईतल्या माउईच्या स्पर्धेत टेक्सास टेकविरुद्ध ७०-३८ झालं तेव्हा तर दुर्दैवाचं नाव घ्यायचीही सोय राहिली नाही. चाळीस मिनिटांत ३८ गुण!

क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्याला कोचवरचा एवढा राग अति वाटू शकतो. पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडूंची निवड कोच करतो, पद्धत कोच ठरवतो, बदली कोच करतो, टाइमआउट कोच घेतो. मैदानावर कप्तान नावाला असतो. त्यामुळे माल खराब निघाला की बिल कोचच्याच नावावर फाटतं, आणि ते रास्तच आहे.

बिघाड नेमका कुठे होता, ते एका नमुन्याच्या हल्ल्यात बघा. ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायची मुदत, चालू. चेंडू पहिल्या हंगामातला गार्ड एल एलिस याच्याकडे. तो मध्यरेषा ओलांडेपर्यंत क्लॉक २३ वर. उंच खेळाडू तीन गुणांच्या रेषेबाहेर येऊन एलिसवरच्या बचावपटूची वाट अडवायला स्क्रीन लावतो, पण अंग अडवत नाही, नुसता उभा राहतो. एलिसवरचा बचावपटू त्याला वळसा घालून पुन्हा समोर हजर. उरलेले तिघे कोपऱ्यांत, हात खाली सोडून. क्लॉक १५. तीच स्क्रीन, दुसऱ्या बाजूने. क्लॉक ९. आता एलिस एकटाच ड्रिबल करत दोघांमधून घुसतो, आणि ५ वर एकतर वाकडातिकडा शॉट, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या हातात.

यात एलिसचा दोष सगळ्यात कमी. तो मुळात गुण करणारा गार्ड. सामन्याला १७ च्या वर गुण तो काढत होता. त्याला पॉइंट गार्डचं, म्हणजे चेंडू आणून हल्ला चालवायचं, काम दिलं, कारण संघात दुसरा पॉइंट गार्डच नव्हता. दोष उभ्या राहिलेल्या तिघांच्या शिकवणीचा. स्क्रीन लावणारा बास्केटकडे धावला की दूरच्या कोपऱ्यातल्याने वर सरकायचं आणि वरच्याने आत कापायचं, म्हणजे मदतीला येणाऱ्या बचावपटूला आधी मान वळवून बघावं लागतं. तो अर्धा सेकंद म्हणजेच पद्धत. तिघे पुतळे असतील तर मदतनीस निवांत मध्ये येऊन उभा राहतो आणि घुसणाऱ्याला जागाच उरत नाही. म्हणूनच २०२२-२३ मध्ये या संघाचे टर्नओव्हर (समोरच्यांना गमावलेले चेंडू) असिस्टपेक्षा (बास्केट करून देणाऱ्या पासांपेक्षा) जास्त होते. हा एक आकडा पुरेसा आहे. टर्नओव्हर असिस्टच्या वर गेले की समजावं, संघाला पद्धत नाही, माणसं आहेत.

बचावाची तपासणी याहून सोपी. पिक अँड रोलवर, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे धावण्याच्या चालीवर, उंच बचावपटूपुढे तीन पर्याय असतात: मागे सरकून रिंग सांभाळणं, वर येऊन चेंडूवाल्याला काही क्षण रोखणं, किंवा सरळ माणूस बदलून घेणं. तिन्ही चालतात, दोघांचं एकमत असलं तर. एकमत नसलं की दोघेही चेंडूमागे जातात आणि रिंगकडे धावणारा मोकळा सुटतो. त्याला अडवायला तिसरा धावतो, की कोपऱ्यातला नेमबाज मोकळा. बास्केट झाल्यावर खेळाडू एकमेकांकडे हात करून बोलताना दिसले तर समजा की बाकावरून नियम स्पष्ट मिळालेला नाही. दुसऱ्या वर्षी यू.एम.बी.सी. या हलक्या पाहुण्याविरुद्ध लुईव्हिलने घरी ९४ गुण काढले, आणि जिंकले ते एका गुणाने. गुण होतात, थांबवता येत नाहीत, हे तिथेच कळलं.

आणखी एक सोय वापरा. टीव्हीसाठी प्रत्येक अर्ध्यात घड्याळ १६, १२, ८ आणि ४ मिनिटांच्या खाली गेल्यावर खेळ पहिल्यांदा थांबला की सक्तीचा टाइमआउट होतो. त्या प्रत्येक थांब्याचा स्कोअर मोबाइलवर टिपून ठेवा. मध्यंतरानंतरचा पहिला तुकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण कोचला बोलायला पंधरा मिनिटं मिळालेली असतात. त्यानंतरही पहिल्याच चार मिनिटांत सतत आघाडी जात असेल, तर लॉकररूममध्ये भाषण होतं, दुरुस्ती होत नाही. टाइमआउटनंतरचा पहिला हल्लाही बघा. आखून दिलेली चाल दिसली पाहिजे. तिथेही एकटा ड्रिबल करत असेल तर टाइमआउट पाणी पिण्यापुरता झाला.

पेन यांच्या बाजूने बोलायचं तर परिस्थिती खरंच वाईट होती. आधीचे कोच क्रिस मॅक २०२२ च्या जानेवारीत हंगामाच्या मध्यावर पदावरून गेले. नियमभंगाच्या जुन्या चौकशीचा निकाल पेन यांच्या पहिल्या हंगामाच्या तोंडावर, नोव्हेंबरात लागला. तोवर कुठल्या शिक्षेत सापडू या भीतीने चांगले खेळाडू यायला कचरत होते. पेन स्वतः १९८६ च्या विजेत्या संघातले, केंटकी विद्यापीठात तिथले तेव्हाचे कोच जॉन कॅलिपारी यांचे दहा वर्षांचे सहायक, नंतर न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघात सहायक. खेळाडू घडवण्यात नाव होतं. पण हेड कोचचं काम कधीच केलेलं नव्हतं, आणि ते शिकायला एवढी मोठी गादी देणं ही निवड करणाऱ्यांची चूक. गावातलाच जुना हिरो म्हणून लोकांनीही तेव्हा टाळ्याच वाजवल्या होत्या, हे सोयीस्कर विसरलं जातं.

दुसऱ्या वर्षी मात्र सबबी संपल्या. खेळाडू त्यांनीच निवडलेले. ट्रेंटिन फ्लॉवर्स हंगामाआधी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाला व्यावसायिक खेळायला गेला, हा धक्का खरा, पण एका मुलाच्या जाण्याने केंटकी वेस्लियनसारख्या दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजकडून ७१-६८ असं हरायचं कारण नाही. मग चॅटनूगा, मग आर्कान्सा स्टेट, दोघेही लुईव्हिलच्या घरी येऊन जिंकून गेले. डीपॉल विद्यापीठाचा हंगाम ३-२९ असा संपला. त्या तीन विजयांतला एक लुईव्हिलवरचा! शेवटचा सामना ए.सी.सी. स्पर्धेत एन.सी. स्टेटविरुद्ध, ९४-८५ पराभव, दुसऱ्या दिवशी पेन यांची गच्छंती. तोच एन.सी. स्टेट पुढे ती स्पर्धा जिंकून थेट फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, गेला. म्हणजे निदान शेवटी तरी हरले ते दमदार संघाकडून.

४-२८ नंतरच का काढलं नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. उत्तर करारात आहे. करार सहा वर्षांचा, वर्षाला सरासरी ३३ लाख डॉलरच्या वर. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या वर्षांपोटी मोठी रक्कम द्यावी लागते. २०२४ मध्ये बातम्यांत आलेला आकडा सुमारे ८० लाख डॉलरचा होता. एक वर्ष आधी काढलं असतं तर तो अर्थातच वाढला असता. त्यामुळे ‘कोचला हाकला’ म्हणून ओरडण्यापेक्षा करारावर सही होते त्याच आठवड्यात बायआउटची, म्हणजे मुदतीआधी काढल्यास द्यायच्या रकमेची, कलमं वाचणं जास्त उपयोगी. सरकारी विद्यापीठांचे असे करार सहसा मागवता येतात आणि स्थानिक वर्तमानपत्रं ते छापतातही.

आणि ‘नव्याने बांधायला चार वर्षं लागतात’ हे पालुपद? ते पुढचे कोच पॅट केल्सी यांनी एका हंगामात खोटं ठरवलं. चार्ल्सटनहून २०२४ च्या मार्चअखेर आले, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, जवळजवळ अख्खा संघ उचलला आणि २०२४-२५ मध्ये २७-८, परिषदेत १८-२. त्यांनी काय आणलं ते बघा: विस्कॉन्सिनमधून चकी हेपबर्न, म्हणजे खराखुरा पॉइंट गार्ड. जेम्स मॅडिसनमधून टेरेन्स एडवर्ड्स, आणि चार्ल्सटनचाच नेमबाज रेन स्मिथ, जो कोपऱ्यात उभा असला तरी त्याच्यावरच्या बचावपटूला हलता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत क्रेटनकडून हरले, तेही लेक्सिंग्टनला, कट्टर वैऱ्याच्या गावात. ते बोचलं, पण पैसे वसूल झाल्यावरचं बोचणं वेगळं.

तुमच्या विद्यापीठाचा संघ असा गाळात असेल, आणि अमेरिकेत शिकायला आलेल्या बऱ्याच मराठी मुलांचा तो असतोच, तर विद्यार्थी तिकिटावर भागवा. बाकीच्यांनी संघ हरत असताना हंगामाआधी काहीच घेऊ नये. जानेवारीपासून रीसेलवर सुटी तिकिटं छापील किमतीच्या खाली येतात; सामन्याच्या दिवशी दुपारनंतर आणखी घसरतात. शेवटची रक्कम बघूनच ठरवा, कारण स्वस्त तिकिटावर सेवाशुल्कच जड जातं. नूतनीकरणाची मुदत आणि पोर्टलची उलथापालथ साधारण एकाच सुमारास येतात. तेव्हा पुढच्या वर्षी चेंडू कोण आणणार ते कळेपर्यंत देणगीचा चेक लिहू नका. हक्काची सीट जाईल अशी भीती तिकीट खिडकीवाले घालतील. वरचा मजला अर्धा रिकामा असेपर्यंत ती सीट कुठेही जात नाही.