जठर काढायचं की नुसतं अस्तर: अर्ली कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया आणि ईएसडी

जठरातला कॅन्सर अगदी लवकर सापडला आणि सर्जन व एंडोस्कोपिस्ट दोघंही "आमच्याकडून होईल" म्हणाले, की खरी पंचाईत सुरू होते. माझीही झाली होती. मी ईएसडी, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण (एंडोस्कोप) घालून जठराच्या अस्तराचा कॅन्सर झालेला भाग तेवढा काढणं, करून घेतली, तेव्हा माझा कल लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

निवड प्रत्येकाला मिळतेच असं नाही. कॅन्सर अस्तरापुरता, पेशी डिफरन्शिएटेड (मूळच्या पेशींशी बऱ्याचशा मिळत्याजुळत्या) आणि वर व्रण नाही, तर वाट बरीच मोकळी असते. पेशी अनडिफरन्शिएटेड असतील तर २ सेंटिमीटरच्या आतच. या सगळ्या अटी एकाच शंकेपोटी आहेत: लिम्फ नोडपर्यंत (जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत) काही पोहोचलंय का? अस्तरापुरत्या कॅन्सरमध्ये ती शक्यता साधारण २-३ टक्के, खालच्या थरात शिरला की २० टक्क्यांच्या आसपास. शस्त्रक्रियेत नोड जठराबरोबर निघतात, ईएसडीत ते जागेवरच राहतात. इथे शस्त्रक्रियेचं पारडं जड आहे, हे मान्य करायलाच हवं.

माझा निर्णय मात्र आकड्यांवर झाला नाही. माझ्या थोरल्या भावाचं जठर याच आजारात बरंचसं काढलेलं आहे. कॅन्सर गेला, ते ठणठणीत आहेत. पण जेवण हे त्यांच्यासाठी काम होऊन बसलंय. जठरातून आतड्यात जाण्याच्या वाटेवरची झडप गेल्यामुळे अन्न थेट आतड्यात उतरतं. जरा जास्त किंवा गोड खाल्लं की घाम, धडधड, आणि ताटावरून उठून आडवं व्हायचं. कधी दोन तासांनी साखर उतरून हातपाय कापतात. जेवताना पाणी नाही. कुठे जेवायला जायचं असेल तर घरूनच थोडं खाऊन निघतात आणि तिथे भूक नाही म्हणतात. जिवाला धोका काही नाही, नुसती कटकट. पण रोजची, दर जेवणाची. मला तीच नको होती. सगळ्यांना इतका त्रास होतो असं नाही, अनेकांचा हळूहळू कमीही होतो. पूर्ण जठर काढलं तर बी-१२ ची सोय जन्मभर बाहेरूनच करावी लागते, ते वेगळं.

ईएसडीत अस्तराखाली द्रव सोडून तो भाग उचलतात, भोवतीने कापतात आणि एकसंध सोलून काढतात. मागे राहिलेला व्रण आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर साधारण दोन महिन्यांत भरतो. रक्तस्राव किंवा छिद्र होऊ शकतं. ते बहुतेक वेळा एंडोस्कोपीतूनच सावरतात. मला नंतर खाण्यापिण्याचा म्हणाल तर काहीच फरक जाणवला नाही.

जाणवली ती पॅथॉलॉजी रिपोर्टची वाट. कडा स्वच्छ आहेत का, खोली खालच्या थरात ५०० मायक्रॉनच्या (अर्ध्या मिलिमीटरच्या) आत आहे का, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी दिसतात का, हे तेव्हाच कळतं. उत्तर वाईट आलं तर पहिले पाढे पंचावन्न: बहुधा शस्त्रक्रियाच. मला हा सौदा तरीही बरा वाटला, कारण ईएसडीनंतर शस्त्रक्रियेची वाट उघडी राहते. उलट तसं नाही.

डॉक्टर निवडताना मात्र त्यांनी अशा किती ईएसडी केल्यात, हे न लाजता विचारा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये रुजलेलं हे तंत्र हातावर बसायला वेळ लागतो. हात बसलेला माणूस आवाक्यात नसेल, तर अनुभवी सर्जन कधीही बरा.

जठर राहिलं म्हणजे नवा कॅन्सर उगवायची जागाही राहिली. हेलिकोबॅक्टर पायलोरी (जठरात राहणारा जिवाणू) असेल तर त्याचे उपचार पूर्ण करा. कोरियातल्या २०१८ च्या चाचणीत त्याने हा धोका जवळपास निम्म्यावर आला होता. तरी दर वर्षी एंडोस्कोपी चुकत नाही, आणि मला तो प्रकार अजूनही आवडत नाही. तेवढ्यासाठी शस्त्रक्रियेकडे वळत असाल, तर भावाला विचारून झालंय: उरलेल्या जठरासाठी त्यांनाही एंडोस्कोपीला जावंच लागतं.